साखळीतल्या शेवटच्या वहिनी

वहिनींचा कॉम्प्युटर कधी बंद पडत नाही. ही फुशारकी नव्हे, सगळ्या गल्लीला ठाऊक असलेली गोष्ट आहे. समोरच्या औषधवाल्याचा आठवड्यातून एकदा तरी रुसून बसतो. कोपऱ्यावरच्या ट्रॅव्हलवाल्याचा ऐन गर्दीत निळा पडदा टाकतो, आणि गिऱ्हाईक तिकीट न घेताच चालू लागतं. आणि या बाईंचं ते करडं धूड! त्याची एक बाजू कायम उघडी, चालू करायचं बटण तुटलं म्हणून त्या जागी कोटाचं बटण चिकटवलेलं. पण सकाळी सुरू झालं की संध्याकाळपर्यंत मुकाट्यानं राबतं. कोणी विचारलं, "कुठल्या कंपनीचा हो, वहिनी?" की त्या डोकं वर न काढता म्हणतात, "तिघांच्या कंपनीचा."

हे तिघे कोण ते सांगायलाच हवं. त्यांच्याशिवाय वहिनींची गोष्ट म्हणजे नुसता भरतकामाचा धंदा.

धंदा तसा साधाच. शाळेच्या गणवेशाच्या खिशावर बिल्ला असतो, वेटरच्या शर्टावर नाव असतं, फुटबॉलवाल्या पोरांच्या टोप्यांवर वाघ नाहीतर गरुड असतो, ते सगळं वहिनींच्या पुढच्या खोलीत भरलं जातं. सहा सुयांचं मशीन आहे. पण मशीनला कुठली अक्कल? कुठला टाका कुठून कुठे जायचा, कुठला दोरा आधी, वाघाच्या मिशा सगळ्यात शेवटी, हे आधी कॉम्प्युटरवर बसून ठरवावं लागतं. त्यात वहिनींचा हात धरणारं कोणी नाही. शाळावाले तर म्हणतात, वहिनींनी भरलेला बिल्ला शर्ट फाटला तरी जागचा हलत नाही.

हा कॉम्प्युटर मूळचा त्यांच्या नवऱ्याचा, आणि ते तिघे नवऱ्याचे मित्र.

पहिले डॉक्टर. दातांचे. शिडशिडीत, हळू बोलणारे, शर्टाची घडी न मोडणारे. कंटाळा आला म्हणून दवाखाना हल्लीच बंद केलेला. बाजारात नवीन काही आलं की पहिलं यांच्या घरी येणार. दुसरे मास्तर. हे गाडी चालवायला शिकवतात. घरी मोठा पडदा, स्टीअरिंग आणि पायाशी ब्रेक-क्लच असा थाट मांडलाय. नवशिक्यांना आधी त्या खोट्या रस्त्यावर हवे तेवढे खांब पाडू देतात आणि मगच खऱ्या गाडीत बसवतात. आवाज असा, की शेजारच्या गल्लीतल्या माणसाला फोन करायची गरज पडत नाही. तिसरे प्रेसवाले. बिलबुकं, हस्तपत्रकं, व्हिजिटिंग कार्डं छापतात आणि दिवसभर काळजी करतात. नवीन वस्तू दाखवली की त्यांचं एकच वाक्य, "पण ते तापतं म्हणे."

रविवारी सकाळी प्रेस बंद असते. मागच्या खोलीत कागदाच्या रिमांच्या मध्ये एक लांब टेबल आहे, त्याच्याभोवती ही मंडळी जमायची. शाईचा वास, किटलीभर चहा, बिस्किटांचा पुडा आणि टेबलावर कोणाचा तरी पोट उघडलेला कॉम्प्युटर. कंपन्यांचे नव्या मालाचे कार्यक्रम याच खोलीत बघितले जायचे. कंपनीचा साहेब काळा टी-शर्ट घालून पडद्यावर यायचा आणि म्हणायचा, मागच्यापेक्षा दुप्पट वेगवान. मास्तर टेबलावर थाप मारायचे, "दरवर्षी दुप्पट! या हिशेबानं एव्हाना बोट टेकायच्या आधी अक्षर उमटायला हवं होतं की!"

त्यांची एक साखळी होती. डॉक्टर नवीन प्रोसेसर, नवीन बोर्ड घ्यायचे. त्यांचं निघालेलं मास्तरांकडे जायचं, मास्तरांचं प्रेसवाल्यांकडे आणि प्रेसवाल्यांचं वहिनींच्या नवऱ्याकडे. मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याला व्हावा तसं. देण्याघेण्याचा हिशेब कोणी कधी मांडला नाही. नियम मात्र एक होता आणि तो डॉक्टरांनी घातलेला होता: आपल्या मशीनला आपणच हात लावायचा. बाकीच्यांनी सांगायचं, ओरडायचं, डोकं धरून बसायचं, पण दुसऱ्याच्या कॅबिनेटमध्ये बोट घालायचं नाही. "दुसऱ्यानं लावून दिलं की माणूस आयुष्यभर घाबरत राहतो," असं डॉक्टरांचं म्हणणं.

मग वहिनींचा नवरा गेला. अचानकच. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

नंतरच्या एका रविवारी हे तिघे दारात उभे. मास्तरांच्या हातात खोकं. इतका मोठ्या गळ्याचा माणूस, पण तोंडातून शब्द फुटेना. शेवटी प्रेसवाले म्हणाले, "वहिनी, त्यांचा नंबर होता. हे आता... म्हणजे, तुम्हाला नको असेल तर..."

वहिनींनी खोक्याकडे बघितलं. त्या दिवसांत घरात येणारा प्रत्येक जण आवाज खाली घेऊन बोलायचा, आणि त्या आवाजाचा वहिनींना वीट आला होता. नणंद, भाऊ, भावजय, शेजारीण, सगळ्यांच्या तोंडी तोच कापसात गुंडाळलेला सूर. "आत या," त्या म्हणाल्या. "मला कोणी तरी दाखवा, हे लावतात कसं."

"दाखवणार नाही," डॉक्टर म्हणाले. "सांगेन. लावायचं तुम्ही."

आणि त्या माणसानं खरंच हात मागे बांधले. वहिनी एक वायर उलटी घालत होत्या, मास्तर जिवाच्या आकांतानं ओरडत होते, "अहो नाही, नाही, ती नव्हे!", प्रेसवाले डोळे मिटून बसले होते. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्यावर ओरडत होतं. वहिनींना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तेव्हापासून रविवारची चौथी खुर्ची वहिनींची. सहा वर्षं झाली. लेक दुसऱ्या गावात नोकरीला आहे, ती फोनवर म्हणते, "आई, मी नवा लॅपटॉप पाठवते ना. ती भंगाराची उतरण कशाला वापरतेस?" वहिनी म्हणतात, "नव्याचा स्वभाव कोणाला माहीत असतो, बाई? माझ्याकडे येतं तेव्हा तीन घरं फिरून आलेलं असतं. कुठला पंखा थंडीत कुरकुरतो, रॅम कुठल्या खाचेत नीट बसते, सगळं ठाऊक असतं." हे खरंच आहे. पण सगळं खरं नाही. लेकीला त्यांनी कधी सांगितलं नाही, की सोमवार ते शनिवार त्यांच्याशी बोलणारी माणसं बिल्ल्याबद्दल बोलतात, नाहीतर तब्येतीबद्दल. रविवारी मात्र त्या मास्तरांना "तुम्हाला रॅममधलं ओ की ठो कळत नाही" असं तोंडावर म्हणू शकतात, आणि मास्तर चिडतात, खरेखुरे चिडतात. एवढ्यासाठी त्या आठवडा काढायच्या. साखळी तुटली असती तर कॉम्प्युटर कुठूनही आला असता. रविवार कुठून आणायचा?

आणि साखळी तुटायची वेळ आली.

झालं असं. नव्या प्रोसेसरची घोषणा झालेली. प्रेसवाले आधीच म्हणून बसले होते, तापतं म्हणे. मास्तरांनी जुन्या बोर्डासाठी टेबलावर जागासुद्धा मोकळी करून ठेवली. डॉक्टर आले ते काखेत एक चपटा, चंदेरी डबा घेऊन. पुस्तकाएवढा. टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उभे राहिले.

"हे काय?" मास्तर.

"नवीन मशीन. कालच आलं."

मास्तरांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, कडेकडेनं नख फिरवलं. "स्क्रू कुठेत?"

"नाहीत. आतलं सगळं झाळलेलं आहे. रॅम, प्रोसेसर, सगळं एकाच पाटीवर. उघडायचं नाही, बदलायचं नाही. बिघडलं तर अख्खं बदलून देतात."

 प्रेसवाल्यांनासुद्धा ते तापतं म्हणायचं सुचलं नाही.

"आणि तुमचं जुनं?" मास्तरांनी विचारलं.

"घेऊन जा की. सगळंच घेऊन जा. पण आता हे शेवटचं. यापुढे माझ्याकडून काही निघायचं नाही." डॉक्टर हसले, पण हसू काही जमलं नाही. "अहो, दुनिया पुढे गेली. आपण किती दिवस पोरांसारखे स्क्रू पिळत बसणार?"

झालं! मास्तर उसळले. बंद डब्याला कॉम्प्युटर म्हणायचं तर माझ्या चपलेच्या खोक्यालाही म्हणा, इथपासून सुरुवात झाली. डॉक्टर म्हणाले, भरवसा बघा, यात हलणारा एकही भाग नाही. मास्तर म्हणाले, जे उघडता येत नाही त्याचा कसला भरवसा. प्रेसवाले मध्ये पडायला गेले आणि दोघांच्या शिव्या खाल्ल्या. वहिनी गप्प होत्या. वहिनी गप्प म्हणजे समजा काय ते.

"पोरांसारखे," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं तुमच्याबरोबर पोरखेळ करत होतो."

"वहिनी, तसं नव्हे..."

"चहा घ्या. निवतोय."

"नको मला," डॉक्टर म्हणाले आणि डबा काखेत मारून निघून गेले.

पुढच्या रविवारी डॉक्टर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. तिघंच बसली. बोलायला विषय होते, पण कशातच राम नव्हता. मास्तरांनी एका नव्या कार्डाबद्दल वाचून दाखवलं. कोणी भांडलं नाही. प्रेसवाल्यांनी हळूच सुचवलं, की दर रविवारी भेटायलाच हवं असं काही नाही, महिन्यातून एकदा भेटलं तरी चालेल. मास्तर म्हणाले, "हं."  महिन्यातून एकदा म्हणजे काय, ते वहिनींना बरोबर कळत होतं. महिन्यातून एकदा, मग सवडीनं, मग रस्त्यात भेटल्यावर.

त्या घरी आल्या त्या डोक्यात राख घालूनच. त्यांचा स्वभावच तसा. रडण्याआधी त्यांना राग येतो, आणि राग आला की हाताला काम लागतं. कॉम्प्युटरसमोर बसल्या, शाळेच्या बिल्ल्यांचं काम उघडं होतं, आणि मनात आलं: यातली वस्तू न् वस्तू त्या माणसाच्या घरून निघालेली. बोर्ड त्याचा, प्रोसेसर त्याचा, रॅम त्याची, कार्ड त्याचं. आम्ही पोरं ना? मग घे तुझी खेळणी परत!

खटकन वीज बंद केली, वायरी उपटल्या, स्क्रू काढले. सगळं बिल्ल्यांच्या उरलेल्या कापडात गुंडाळलं, पिशवीत भरलं आणि निघाल्या. कॅबिनेटमध्ये मागे फक्त धूळ राहिली. दुपारचं ऊन, हातात जड पिशवी. अर्ध्या वाटेवर आठवलं, की शाळेचे बिल्ले या आठवड्यात द्यायचेत आणि त्यांचं डिझाइन अजून पुरं व्हायचंय. पण एवढं तोंड वर करून निघाल्यावर माघारी कसं वळायचं? वळल्या नाहीत.

दार डॉक्टरीणबाईंनी उघडलं. "अगं ये ये," म्हणेपर्यंत वहिनी बैठकीत. डॉक्टर खिडकीशी बसले होते.

"हे घ्या तुमचं," वहिनींनी पिशवी टेबलावर ठेवली. "सगळं आहे. बघून घ्या. साखळी संपली ना, मग मला तरी कशाला हवंय?"

डॉक्टरांनी पिशवीत डोकावून बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. रागानं नव्हे, काळजीनं. "अहो वहिनी! कापडात? प्रोसेसर कापडात गुंडाळून आणतं का कोणी? बोर्डाच्या पिना वाकल्या असत्या म्हणजे?" आणि लगेच एकेक वस्तू उजेडात धरून दाखवायला सांगू लागले, "ते उलटं करा, हं, इकडे, तो कोपरा दाखवा." वहिनी दाखवत राहिल्या. भांडायला आलेली बाई पाच मिनिटांत रॅम पुसत बसली होती. डॉक्टरीणबाई तोंडाला पदर लावून हसत आत गेल्या.

"वाचलं सगळं," डॉक्टर म्हणाले. "आता घरी नेऊन लावा. कामं असतील तुमची."

"मी नाही लावणार. तुमचं आहे, तुम्ही लावून द्या."

"आपल्या मशीनला..."

"तो नियम साखळीतल्या लोकांचा. तुम्ही बाहेर पडलात." वहिनींनी बोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. "प्रोसेसर बसवा, पेस्ट लावा, पंखा चढवा. तेवढं करा आणि सुटा."

डॉक्टर उठले. कपाटातून पेस्टची नळी आणली. प्रोसेसर तापू नये म्हणून त्याच्या आणि पंख्याच्या मध्ये लावायची ती पेस्ट. डॉक्टरांनी पेस्ट लावणं हा त्या टेबलावर एक कौतुकाचा विषय असायचा. दात भरून भरून बसलेला हात, प्रोसेसरच्या बरोबर मध्यभागी वाटाण्याएवढा थेंब, ना कमी ना जास्त. मास्तर म्हणायचे, डॉक्टर, मला पण तोंडात एक थेंब द्या.

प्रोसेसर वहिनींनीच बसवला, कारण डॉक्टर म्हणाले, ठेवा तेवढा. मग त्यांनी नळी धरली. आणि नळीचं टोक बोर्डावर आलं तसं नाचायला लागलं. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं. तोही हात तसाच. पेस्ट प्रोसेसरवर पडली, कडेला पडली, रॅमच्या खाचेवर एक करडी रेघ उमटली.

वहिनींनी त्यांच्या हातातून नळी काढून घेतली.  कापसानं ती रेघ पुसायला लागल्या.

"कधीपासून?" खाचेतली पेस्ट काढता काढता त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं होतील. आधी थोडं होतं, लपायचं; आता लपत नाही. नसांचं दुखणं आहे. औषध चालू आहे, पण हे असंच राहणार."

"मग दवाखाना बंद केलात तो..."

"कंटाळा आला म्हणून सांगितलं सगळ्यांना." डॉक्टर पुन्हा खिडकीशी बसले. "एक माणूस खुर्चीत आ करून बसला होता. मी औजार उचललं. त्यानं माझ्या हाताकडे बघितलं आणि तोंड मिटलं. बोलला काही नाही, भला माणूस होता. मी पण बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली."

 हा माणूस त्या दिवशी हात खिशात घालून का उभा होता आणि चहा का नको म्हणाला, सगळं वहिनींना एका क्षणात कळलं. आणि आपण त्याला काय काय मनात बोललो! त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"म्हणून तो बिनस्क्रूचा डबा," त्या म्हणाल्या.

"उघडायचाच नाही, मग हात कोणाला दिसणार? नियम मीच घातला होता, वहिनी. आता तुमच्यासमोर दुसऱ्याला म्हणू, माझं तेवढं लावून द्या? मास्तर हसला नसता, हे मला माहीत आहे. तो गप्प बसला असता. मास्तर गप्प बसलेला मला बघवणार नाही."

हे मात्र वहिनींना पटलं. कापसात गुंडाळलेला तो सूर त्यांच्याइतका कोणाला ठाऊक होता? त्यांनी पेस्टचा थेंब टाकला. थोडा मोठाच पडला.

"जास्त झाली," डॉक्टर म्हणाले.

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे तर टाकलीत कशाला? निम्मी काढा. अहो, कडेनं नव्हे, मधून! नाही, नाही, बोट लावू नका!"

"ओरडू नका. मी काही तुमची पेशंट नाही."

आतून डॉक्टरीणबाईंनी डोकावून बघितलं आणि परत गेल्या. या घरात कोणी इतक्या मोठ्यानं बोलल्याला बरेच दिवस झाले होते. पंखा चढला, रॅम टक्कन बसली. वहिनींनी सगळं गुंडाळलं, या वेळी डॉक्टर सांगतील तसं. दारात वळून म्हणाल्या, "रविवारी या."

"बघू."

"बघू नाही. मी कोणाला काही सांगणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण तुम्ही आला नाहीत तर आमचं ते टेबल उठणार आहे. मास्तर आणि प्रेसवाले मनाची समजूत घालतील. मला नाही जमायचं. मला ते रविवार हवेत, डॉक्टर. दुसरं काही नकोय." एवढं बोलून त्या झपाझप जिना उतरल्या. खरं तर उत्तर ऐकायची त्यांची छाती झाली नाही.

मधल्या दिवसांत वहिनींनी शाळेचे बिल्ले पुरे केले. कॉम्प्युटर पहिल्या झटक्यात सुरू झाला होता, त्याचा काही प्रश्न नव्हता. लेकीचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "या रविवारी नको करू फोन. किंवा कर. म्हणजे, दुपारी कर." लेक म्हणाली, आई, बरी आहेस ना?

रविवारी वहिनी सगळ्यांच्या आधी पोचल्या. प्रेसवाल्यांनी किटली आणली. मास्तर आले, बसले, घड्याळाकडे बघून म्हणाले, "आज मला लवकर जायचंय." हे वाक्य त्या खोलीत आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. वहिनी दाराकडे पाठ करून बसल्या. दाराकडे बघत बसायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

मागून कागदाच्या रिमला काही तरी घासल्याचा आवाज आला. डॉक्टर होते. एका काखेत त्यांचं जुनं कॅबिनेट, दुसऱ्या काखेत एक नवंकोरं खोकं, वरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा न फाडलेला.

"तो चपटा डबा हिला देऊन टाकला," ते टेबलाशी येत म्हणाले. "ही त्यावर मालिका बघते. म्हणते, काही बिघडत नाही, काही विचारत नाही, नवऱ्यापेक्षा बरा आहे."

 मास्तर खोक्याकडे बघत होते. डॉक्टरांनी दोन्ही ओझी खाली ठेवली, कोट काढला, बाही वर केली आणि उजवा हात टेबलाच्या वर, दिव्याच्या उजेडात, सगळ्यांसमोर सरळ धरला.

हात थरथरत होता. त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

"हे असं आहे," ते म्हणाले. "लपवण्यात अर्थ नाही. मला आता माझं मशीन लावता येत नाही."

प्रेसवाल्यांच्या हातातली किटली तशीच राहिली. वहिनी मास्तरांकडे बघत होत्या, जीव मुठीत धरून. नका गप्प बसू, नका गप्प बसू, काही तरी बोला हो, एरवी तोंड थांबत नाही तुमचं!

मास्तरांनी तो हात नीट बघितला. पुढे वाकून बघितला. मग खुर्चीत मागे टेकले.

"हात्तिच्या! एवढंच?" त्यांचा आवाज पार रस्त्यावर गेला असेल. "अहो डॉक्टर, माझ्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाचे दोन्ही हात याच्यापेक्षा जास्त थरथरतात, आणि मी त्यांना भर बाजारातून नेतो! यासाठी तुम्ही दोन रविवार बुडवलेत? दोन? आणि आम्ही इथे या प्रेसवाल्याचं तोंड बघत बसलो!"

"माझ्या तोंडाला काय झालंय?" प्रेसवाले म्हणाले, आणि त्यांच्या किटलीतला चहा टेबलावर सांडला.

मग एकदमच सगळे बोलायला लागले. डॉक्टर खुर्चीत बसले, जरा घाईनंच बसले. मास्तरांनी खोकं ओढून नव्या प्रोसेसरचं नाव मोठ्यानं वाचलं. प्रेसवाले म्हणाले, हा तापतो म्हणे. डॉक्टर म्हणाले, तुमच्या डोक्यापेक्षा कमी. वहिनींनी चहा पुसला. पुसता पुसता कोणी बघत नाही असं बघून डोळेही पुसले.

"पण नियमाचं काय?" मास्तरांनी विचारलं. "आपल्या मशीनला आपणच हात?"

"नियम तोच," डॉक्टर म्हणाले. "फक्त हात तुमच्यातला कोणाचा तरी घेईन. उसना."

"माझा घ्या," मास्तर म्हणाले.

"तुमचा? तुम्ही हातोडीनं रॅम बसवता. वहिनींचा."

वहिनी म्हणाल्या, "मला नवीन वस्तूची सवय नाही हो. माझ्याकडे सगळं तीन घरं फिरून येतं." पण हात धुवायला उठल्यासुद्धा.

त्यांनी प्लास्टिक फाडलं. आतून त्या नव्या कोऱ्या वासाचा भपकारा आला आणि चौघंही क्षणभर नाक पुढे करून बसली. प्रोसेसर दोन बोटांच्या चिमटीत धरला. कोणाचंही बोट न लागलेला, आरशासारखा. सहा वर्षांत पहिल्यांदा एखादी वस्तू सगळ्यात आधी वहिनींच्या हातात आली होती. "त्रिकोण त्रिकोणावर," डॉक्टर कानाशी सांगत होते, "दाबू नका. सोडा. नुसता सोडा, तो आपला आपण बसेल. हं. आता दांडी खाली. कर्र आवाज होईल, घाबरू नका. आणखी. आणखी." वहिनींच्या हाताखाली कर्र झालं, प्रेसवाल्यांनी डोळे मिटले, दांडी खाचेत अडकली. प्रोसेसर जागेवर.

वहिनींनी पेस्टची नळी उचलली, बरोबर मध्यावर नेली आणि वाटाण्याएवढा थेंब टाकला. ना कमी ना जास्त. शाबासकी ऐकायला त्या थांबल्या.  मान वर केली, तर डॉक्टर बोर्डावर वाकलेले, ओठ घट्ट मिटलेले आणि डोळे काठोकाठ भरलेले.

"डॉक्टर, मागे सरका बघू," वहिनी म्हणाल्या. "बोर्डावर पाणी पडलं तर ते वॉरंटीत बसत नाही."